स्मृतिप्रीत्यर्थ समूहभजन आणि मदतनिधी: गावात कार्यक्रम कसा उभा करायचा

विदर्भातल्या बहुतेक गावांत एखादं तरी भजनी मंडळ असतं. पेटी, ढोलक, खंजिरी, चार-पाच टाळ आणि दहा-बारा गळे. घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्धाच्या रात्री हेच मंडळ बसतं. या बैठकीला सहा आठवड्यांची तालीम, एक नेमकं काम आणि चोख हिशेब जोडला की स्मरणही होतं आणि गावाच्या गरजेला पैसाही उभा राहतो. पुढची सगळी मापं २४ गाणारे, ३०० श्रोते आणि जिल्हा परिषद शाळेचं पटांगण धरून दिली आहेत. गाव लहान असेल तर त्या हिशेबाने कमी करावीत.

बाहेरून ऑर्केस्ट्रा बोलावण्याचा मोह टाळा. त्याची बिदागी, मुक्काम आणि जेवण यातच जमलेला निधी जातो. शिवाय गाणारे गावचे नसले की ऐकायला येणारेही कमी होतात. चोवीस गाणारे म्हणजे चोवीस घरं, आणि ती घरं येतातच.

आधी काम ठरवा, मग तारीख

"गरजूंना मदत" एवढंच पत्रिकेत छापलं की लोक दहाची नोट टाकतात. काम नेमकं हवं, त्याची किंमत माहीत हवी आणि ते कुणाच्या हातून होणार तेही ठरलेलं हवं. शाळेला पाण्याचा फिल्टर, वाचनालयाला दोन लोखंडी कपाटं, दूरच्या हायस्कुलात जाणाऱ्या पाच मुलींना सायकली, सिकलसेलच्या रुग्णांना सेवाग्राम किंवा नागपूरला तपासणीसाठी जाण्यायेण्याचा खर्च, अशी कामं चालतात. वस्तू घ्यायची असेल तर दोन दुकानांतून लेखी कोटेशन आणा आणि कमी रकमेचं जाहीर करा. आकडा समोर असला की देणाऱ्याला आपला वाटा किती ते कळतं. गेलेल्या माणसाशी काम जुळलं तर फारच बरं. मास्तरांच्या नावाने वाचनालय, सुईणीच्या नावाने उपकेंद्राच्या बाळंतिणींसाठी काही, हे लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

पैसा कुणाच्या नावावर जमा करायचा हे याच बैठकीत ठरवा, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. नोंदणी नसलेल्या मंडळींनी धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. ते करायचं नसेल तर सोपा मार्ग असा: ज्या नोंदणीकृत संस्थेला निधी द्यायचा तिचीच पावती पुस्तकं आणि तिचाच क्यूआर कोड वापरा. शाळेचं काम असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर पैसे घ्या आणि समितीचा तसा ठराव आधी लिहून घ्या. घरच्या माणसाच्या किंवा मंडळाच्या अध्यक्षाच्या मोबाईलवर पैसे मागवू नका. तो कितीही सरळ असला तरी पुढे वर्षभर त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. संस्थेला देणगीवरच्या आयकर सवलतीची (८० जी) मान्यता असेल तर पत्रिकेत लिहा आणि सोबत हेही लिहा की २,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर त्या रकमेवर आयकराची सवलत मिळत नाही. मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाईन यावी.

कार्यक्रमाचा खर्च निधीतून करायचा नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून टाका. खर्च घरच्यांनी उचलावा किंवा वस्तुरूपाने गोळा व्हावा: एकाने सतरंज्या, एकाने दूध, एकाने जनरेटरचं डिझेल. म्हणजे दानपेटीत पडलेला प्रत्येक रुपया कामाला गेला असं ठासून सांगता येतं, आणि ते एक वाक्य मांडवाच्या कुठल्याही सजावटीपेक्षा जास्त पैसा आणतं.

आता तारीख. तिथीचा दिवस आणि इंग्रजी तारीख दरवर्षी एका दिवशी पडत नाहीत, अधिक मासाच्या वर्षी तर दोन्हींत चांगलंच अंतर पडतं. श्राद्ध घरी तिथीला करा आणि कार्यक्रमाला सोयीचा शनिवार धरा. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालू असताना, म्हणजे साधारण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, कास्तकार तालमीला येत नाही. डिसेंबरात कापसाची वेचणी असते, पण ती संध्याकाळी थांबते, आणि सोयाबीनचा पैसा हातात आलेला असतो. नोव्हेंबर अखेर ते जानेवारी मध्य हा काळ सगळ्यात चांगला. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, त्या आठवड्यात चांगला पेटीवाला आणि तबलजी मोकळा सापडणं कठीण. दिवाळीच्या मागेपुढे मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला गुरुदेव सेवा मंडळाची माणसं जातात, तेही दिवस सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा भोंगा लावला तर तक्रार होणारच. गावचा आणि शेजारच्या मोठ्या गावचा बाजाराचा दिवसही टाळा.

गाणी निवडताना

दीड तासाला दहा गाणी पुरतात, अकरावं राखीव. समूहात पाच मिनिटांचं गाणं प्रत्यक्षात सात मिनिटं चालतं, कारण मुखडा परत परत येतो. त्यामुळे पंधरा गाण्यांची यादी केली की शेवटची चार घाईत उरकली जातात.

गेलेल्या माणसाच्या आवडीची दोन-तीन हवीतच. बाकी यादी गावातल्या सगळ्या वस्त्यांची असावी. तुकोबांचा अभंग, गुरुदेव मंडळाचं खंजिरी भजन, बुद्धविहारातल्या मंडळाचं वंदनगीत किंवा भीमगीत, बायकांची ओवी, शाळेच्या पोरांचं एक समूहगीत. गावात आळीनिहाय दोन-तीन मंडळं असतील तर प्रत्येकाला वेगळं गाणं वाटून देऊ नका. तसं केलं की ती स्पर्धा होते आणि आपलं गाणं झालं की ते मंडळ उठून जातं. सगळ्यांनी सगळी गाणी एकत्र गायची, फक्त पुढचा गाणारा बदलायचा.

कायद्याची बाजूही इथेच पाहून घ्या. संतांच्या रचना सर्वांच्या आहेत. आधुनिक कवीच्या रचनेवर त्याच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. तुकडोजी महाराजांचं महानिर्वाण १९६८ सालचं, म्हणजे त्यांच्या रचनांवरची मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. हौशी मंडळाने श्रोत्यांकडून पैसे न घेता गायलं तर कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं की ती सूट गेली, आणि प्रवेश मोकळा ठेवण्याचं हे एक मोठं कारण आहे. सिनेमाच्या चालीवरचं भजन मात्र टाळलेलं बरं. कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला की त्यावर हक्काचा दावा येतो आणि आवाज बंद होतो.

पट्टी: इथेच निम्मे कार्यक्रम बिघडतात

पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला 'सा' धरायचा तो; काळी एक, पांढरी चार ही पेटीच्या सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची क्रमाने नावं. पुरुषांचा गळा साधारण काळी एक ते पांढरी दोन या पट्टीत मोकळा लागतो. बायकांचा काळी चार ते काळी पाच. दोघांना काळी एकमध्ये बसवलं की बायका एकतर खर्जात पुटपुटतात, नाहीतर वरच्या सप्तकात जाऊन अंतऱ्याला ओरडतात. बायकांची पट्टी धरली की पुरुष तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या सापर्यंत, पोचतच नाहीत.

उपाय गाण्याच्या विस्तारात आहे. गाण्याची चाल पेटीवर वाजवून सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर वहीत लिहा. मंद्र धैवत (खालच्या सप्तकातला ध) ते मध्य धैवत एवढ्यातच फिरणारी चाल असेल तर पांढरी चार किंवा काळी तीनला बसवा. तिथे स्त्री-पुरुष एकाच सुरात, एकाच सप्तकात गाऊ शकतात. चाल तार षड्जाला जात असेल तर मुखडा सगळ्यांनी आणि अंतरा फक्त बायकांनी गावा. पुरुषांनी तोवर षड्जावर नुसता आकार (आऽऽ) धरायचा, हळू. एवढ्यानेच गाणं भरल्यासारखं वाटतं. पाश्चात्य पद्धतीचे चार आवाज वगैरे पहिल्या वर्षी आणू नका, सहा आठवड्यांत ते पक्कं होत नाही आणि घाबरलेला गळा शेजाऱ्याच्या सुराकडे ओढला जातो. खड्या आवाजाचं पुरुषी खंजिरी भजन मात्र काळी एकलाच ठेवा, त्याची मजा त्यातच आहे. तिथे बायकांनी फक्त ध्रुवपदाला झील द्यावी, म्हणजे ओळ मागून उचलावी.

पट्टी ठरली की गाण्यांचा क्रम पट्टीप्रमाणे लावा. काळी एकची सगळी एकत्र, मग पांढरी चारची. कारण तबला. काळी एकचा दायां (उजव्या हाताचा तबला) पांढरी चारला चढवता येत नाही, ओढून चढवला तर पुडी (वरचं कातडं) फाटते. दोन दायां लागतात, आणि प्रत्येक गाण्याला बदलाबदल करत बसलं तर श्रोते गप्पांना लागतात. एकाच पट्टीचा दायां असेल तर दुसऱ्या गटाला ढोलक आणि खंजिरी लावा.

पेटी एकच. दोन पेट्या आणल्या की त्या एकमेकींशी जुळलेल्या नसतात, आणि जुन्या पेट्यांचा सूर तर कधी पाव पट्टीने खाली उतरलेला असतो. बासरी किंवा कीबोर्ड सोबत घ्यायचा असेल तर पहिल्या तालमीतच पेटीशी ताडून पाहा. कीबोर्डवर सूर बारीक सरकवता येतो, पेटीचा येत नाही, म्हणून कीबोर्ड पेटीला मिळवायचा.

खंजिरीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पूर्वी ती घोरपडीच्या कातड्याने मढवत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तशी खंजिरी विकत घेणं किंवा मढवून घेणं गुन्हा ठरतो. फायबरचं पान लावलेली मिळते, ती घ्या. हिवाळ्यात तिचा आणखी एक फायदा: रात्री दव पडायला लागलं की कातडी वाद्य सैल पडतं आणि भदभद वाजतं, फायबरचं पडत नाही. ढोलक आणि तबला वाजवत नसाल तेव्हा जाड कापडाखाली झाकून ठेवा. मंचाच्या मागे निखाऱ्यांचं एक घमेलं असू द्या, कनातीपासून लांब.

तालीम

आठवड्यातून दोन रात्री, जेवणं झाल्यावर ८ ते सव्वानऊ. सहा आठवडे म्हणजे बारा बैठका. पहिल्या चारमध्ये नुसती चाल आणि शब्द, वाद्य फक्त पेटी. पाचवीपासून ठेका. टाळ शेवटच्या चार बैठकांना, आणि तेही चारच जोड. टाळ जास्त झाले की लय चढते. हे प्रत्येक मंडळात होतं: पहिलं कडवं संथ, चौथं धावत. टाळकरी स्वतःच्या आवाजाच्या मागे धावतो. म्हणून लय धरणारा एकच माणूस नेमा, बहुधा ढोलकवाला, आणि टाळकऱ्यांनी त्याच्या हाताकडे पाहायचं असा दंडक ठेवा. मोबाईलवर मात्रा मोजणारं ॲप असतं. पहिल्या आणि शेवटच्या कडव्याची लय मोजून पाहिली की वाद राहत नाही.

शब्दांचे कागद मोठ्या टायपात छापा, एका पानावर एकच गाणं, आणि प्रत्येक ओळीत श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ मारा. लांब सूर असेल तिथे उलट करायचं: शेजारी-शेजारी बसलेल्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, म्हणजे सूर तुटत नाही. ज्यांना वाचता येत नाही ते पाठांतरात सगळ्यांच्या पुढे असतात, त्यांना वाचणाऱ्यांच्या मधे बसवा. वाचणारा कागदात डोकं घालतो, पाठ असलेला मान वर ठेवून गातो, आणि शेजाऱ्याचीही मान वर येते.

एकत्र सुरू होणं आणि एकत्र थांबणं याचा वेगळा सराव लागतो. पेटीवर मुखड्याची ओळ एकदा पूर्ण, मग पुढच्या माणसाचा हात, मग उचल. शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन थांबणं) ठेवायची असेल तर सगळ्यांना मोजून पाठ हवी, नसेल तर शेवटची ओळ दोनदा संथ करून थांबा.

दहाव्या बैठकीला सगळ्यांनी उभं राहून, प्रत्यक्ष जागेवर, मोकळ्या हवेत गावं. खोलीत भरदार वाटणारा आवाज पटांगणात पातळ होतो आणि मग गाणारे घसा ताणतात. ते आधी कळलं तर सवय होते. अकराव्या बैठकीला यादीप्रमाणे सलग, घड्याळ लावून. बारावीला नवं काहीही शिकवू नका.

जागा, परवानगी, वीज

बसायला माणशी ६ चौरस फूट धरा, त्यात वाटाही आल्या. ३०० जणांना १,८०० चौरस फूट, म्हणजे ४५ बाय ४० ची जागा. ५० खुर्च्या दोन्ही कडांना, वयस्कांसाठी. पुढे मधोमध खुर्च्या मांडल्या की मागचे सतरंजीवर बसतच नाहीत, उभे राहतात. शाळेची स्वच्छतागृहं उघडून, पाणी भरून ठेवा. बायका लवकर उठून जातात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

लाउडस्पीकरसाठी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज लागतो. दहा दिवस आधी, दोन प्रती, सोबत ग्रामपंचायतीचं आणि शाळेचं संमतीपत्र. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आतल्या जागेला शांतता क्षेत्राचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून अर्जात जागा स्पष्ट लिहा आणि शाळेची वेळ संपल्यानंतरचा कार्यक्रम आहे हेही लिहा. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर तहसीलमध्येही विचारा. ७ वाजता सुरू करून पावणेनऊला संपवलं की दहाची अडचण येत नाही आणि शेजारच्या गावच्या माणसांना परत जायलाही बरं पडतं.

तारेवर आकडा टाकू नका. ती वीजचोरी आहे आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दवाने ओल्या मंचावर बसलेल्या माणसांच्या हातात लोखंडी माईक असतात. शाळेच्या मीटरवरून लेखी संमतीने घ्या, नाहीतर महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करा. भार फार नसतो: १०० वॉटचे चार एलईडी दिवे आणि साउंडचे दोन किलोवॉट, एकूण अडीचच्या आत. ५ केव्हीएचा जनरेटर भरपूर झाला. तो १०० फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, भिंतीच्या आड ठेवा आणि वायर जाड वापरा, बारीक वायरीत दाब पडतो. वावरातले पंप चालू झाले की गावचा व्होल्टेजही खाली येतो, त्यामुळे मिक्सर आणि कीबोर्डला छोटा स्टॅबिलायझर लावा. लाईट गेल्यावर काय करायचं तेही तालमीत ठरवा: गाणं थांबवायचं नाही, माईकशिवाय मुखडा धरून ठेवायचा, तोवर जनरेटर सुरू होतो.

पावसाळा संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे दिव्यावर किड्यांची झुंबड उडते, आणि गाणारा तोंड उघडतो तेव्हा काय होतं ते सांगायला नको. मंचावर पिवळसर, मंद दिवे ठेवा आणि ५०-६० फुटांवर, श्रोत्यांच्या विरुद्ध बाजूला, एक पांढरा झगझगीत दिवा उंच टांगा. किडे तिकडे जातात.

आवाजाची मांडणी

साउंडवाल्याला आधीच सांगा की डीजे नको, बेसचे डबे नको. त्याच्याकडे दोन उभे स्पीकर, आठ चॅनलचा मिक्सर आणि सहा माईक असले की काम होतं. चोवीस जणांना हातात माईक फिरवत देऊ नका. ज्याच्या हातात माईक त्याचाच आवाज ऐकू येतो, आणि ते समूहगान राहत नाही.

मंच २४ बाय १२ फूट, २ फूट उंच. गाणारे आठ-आठच्या तीन ओळींत, किंचित अर्धगोलात: पहिली सतरंजीवर, दुसरी पाटांवर किंवा बुटक्या बाकांवर, तिसरी शाळेच्या बाकांवर. रुंदीपैकी १८ फूट त्यांना, उरलेले ६ फूट बाजूला पेटी-तबला-ढोलकाला. दमदार गळे मागच्या ओळीत, हलके पुढे. उलट बसवले तर माईकमधून फक्त दोन खणखणीत आवाज येतात.

समूहासाठी तीन माईक स्टँडवर, पहिल्या ओळीच्या पुढे २ फुटांवर, पहिल्या ओळीच्या डोक्याहून थोडे वर आणि दुसऱ्या ओळीकडे वळवलेले. दोन माईकमधलं अंतर माईक ते गाणारा या अंतराच्या तिप्पट, म्हणजे ६ फूट. जवळ ठेवले तर एकच आवाज दोन माईकमध्ये मागेपुढे पोचतो आणि पोकळ ऐकू येतो. चौथा पुढच्या गाणाऱ्याला, पाचवा पेटीला, सहावा तबल्या-ढोलकाच्या मधे. टाळांना आणि खंजिरीला माईक नाही, त्यांचा आवाज असाच पोचतो. कंडेन्सर (बारीक आवाजही पकडणारे) माईक मिळाले तर छान, पण त्यांना मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. गावातल्या जुन्या मिक्सरमध्ये ती सोय आहे की नाही हे आधी पाहा.

शिट्टी वाजते ती स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो म्हणून. स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे, मंचाच्या कडेच्याही ४ फूट पुढे, आणि श्रोत्यांकडे तोंड करून. समूहाच्या माईकचा बेस कमी करा, इको पूर्ण बंद. इको लावला की चोवीस जणांचे शब्द एकमेकांत मिसळून चिखल होतो, आणि साउंडवाला तो लावतोच, म्हणून मिक्सरजवळ आपला एक माणूस बसवा. सेटिंग संध्याकाळी ५ वाजता, सगळे गाणारे जागेवर बसल्यावरच. एकट्याने "हॅलो, चेक" म्हणून केलेलं सेटिंग चोवीस जणांना चालत नाही.

त्या संध्याकाळी

फोटो गाणाऱ्यांच्या मागे टांगू नका, तिथे तो दिसत नाही. मंचाच्या पुढच्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला ठेवा. समई काचेच्या आडोशाला, नाहीतर वारा तिला टिकू देत नाही.

गेलेल्या माणसाविषयी तीन मिनिटं, १५० ते २०० शब्द लिहून. मुलाला किंवा पत्नीला बोलायला उभं करू नका. पहिलं वर्ष असतं, त्यांचा गळा दाटतो आणि मग गाणाऱ्यांचाही दाटतो. दाटलेल्या गळ्याने सूर लागत नाही. लिहिलेलं एखाद्या शिक्षकाने किंवा शेजाऱ्याने वाचावं. गेलेला माणूस स्वतः गाणारा असेल आणि त्याचा आवाज कुणाच्या फोनमध्ये असेल तर अर्धा-पाऊण मिनिट ऐकवता येईल, पण घरच्यांना आधी विचारून आणि स्पीकरवर आधी लावून पाहूनच. फोनवर ठीक वाटणारं रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवर नुसतं खरखरतं.

सत्कार नाहीत. शाल-श्रीफळ नाही, हारतुरे नाहीत, मंचावर पाहुण्यांच्या खुर्च्या नाहीत. एक सत्कार केला की राहिलेल्यांचा मान राखण्यासाठी अकरा करावे लागतात आणि ४० मिनिटं जातात. सरपंच, पाटील, मंडळाचे जुने बुवा यांना आठ दिवस आधी घरी जाऊन सांगून या की काका, आम्ही कुणाचाच सत्कार ठेवला नाही, तुम्ही पहिल्या ओळीत बसा. घरी जाऊन सांगितलं की कुणी रागावत नाही, मांडवात कळलं की रागावतात.

पोरांचं गाणं दुसरं किंवा तिसरं ठेवा, नंतर ती पेंगतात. पाचव्या गाण्यानंतर पाच मिनिटं थांबून काम काय, किंमत किती, पैसे कुठे जाणार हे संस्थेच्या माणसाने सांगायचं. शेवटचं गाणं श्रोत्यांनाही येणारं असावं.

गाणाऱ्यांना आधी कोमट पाणी. चिवडा, भजी, थंड ताक गाणं झाल्यावर. सगळ्यांना चहा शेवटी: ३०० कपांना दूध १३ लिटर, पाणी तेवढंच, साखर ३ किलो, चहापत्ती ७०० ग्रॅम. मध्यंतरात चहा दिला तर एक तृतीयांश माणसं कप घेऊन घरी जातात. पिण्याचं पाणी थंडीत २० लिटरचे आठ जार पुरे.

पैसा घेताना आणि मोजताना

दोन टेबलं, दाराजवळ एक आणि मंचापासून लांब एक. प्रत्येकाला दोन माणसं: एक पैसे घेतो, दुसरा पावती लिहितो. पावती पुस्तकांचे अनुक्रमांक सकाळीच वहीत नोंदवा. दानपेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन घरांत. क्यूआर कोडचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मोठा छापा, आणि कोड स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव येतं ना, ते प्रत्येक टेबलावर स्वतः तपासा.

गाणी चालू असताना देणगीदारांची नावं पुकारायची नाहीत. आपल्याकडे ही सवय पक्की आहे. "अमुक भाऊंकडून ५०१" असं ढोलकाच्या ठेक्यावर सांगितलं जातं आणि गाणारे तिथेच अडखळतात. शिवाय ५१ देणारी मजूर बाई ते ऐकून दानपेटीपर्यंत येतच नाही. नावं दुसऱ्या दिवशी फलकावर, रक्कम लिहायची तर सगळ्यांची, नाही तर कुणाचीच नाही.

हंगामात लोक धान्यही देतात, आणि ते घ्यावं. कुणी पायलीभर तूर, कुणी सोयाबीनचं कट्टं. वजनकाटा मांडून वजनाची पावती द्या. ओलं सोयाबीन वेगळं ठेवा, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की बाजार समितीत भाव कापला जातो, आणि कोरड्या मालात मिसळलं तर सगळाच माल त्या भावात जातो. कापूस शक्यतो घेऊ नका. चार घरचा वेगवेगळ्या वेच्यांचा कापूस एका गाठोड्यात आला की व्यापारी सगळ्यात हलक्या प्रतीचा भाव लावतो. विक्रीची पट्टी (बाजारातली पावती) जपून ठेवा, तीच धान्याच्या रकमेचा पुरावा.

मोजणी त्याच रात्री, तिथेच, संस्थेचा एक, घरचा एक आणि गावातला तिसरा अशा तिघांसमोर. नोटांची फोड, नाणी, ऑनलाईनची यादी कागदावर, तिघांच्या सह्या, फोटो. रोख पुढच्याच कामाच्या दिवशी बँकेत. शनिवारचा कार्यक्रम असेल तर रविवारभर पैसे कुणाकडे राहणार हेही त्या कागदावर लिहा.

नंतरचे आठ दिवस

साउंड, मांडव, दूध यांची बिलं चार दिवसांत चुकती करा. घरच्यांनी किती खर्च केला आणि निधी किती आला हे दोन वेगळ्या कागदांवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर आठव्या दिवसापर्यंत लागलं पाहिजे. ठरलेल्या किमतीपेक्षा कमी जमलं तर घरच्यांनी भर घालायची की काम लहान करायचं, हे कार्यक्रमाआधीच ठरलेलं असावं. जास्त जमलं तर उरलेल्या रकमेचं काय ते संस्थेच्या ठरावात यावं. वस्तू आली की तिचं बिल आणि शाळेचं किंवा वाचनालयाचं पोच पत्र त्याच फलकावर.

वस्तूवर नाव घालायचं असेल तर लहान अक्षरात, कपाटाच्या आतल्या बाजूला पुरे, रंग उडत नाही. शब्दांचे कागद गोळा करून शाळेत ठेवा, मागून आणलेला तबला पुडी सैल करून, कापडात गुंडाळून ज्याचा त्याला पोचवा, आणि पट्ट्या लिहिलेली वही पेटीच्या डब्यात ठेवून द्या, पुढच्या वेळी पहिल्या चार बैठका वाचतात.